विश्लेषण : मोफत ‘कॅड’ घेतले, पण चालेना… घोडे नेमके कुठे अडते?

खोलीचा नकाशा असो, खिडकीच्या ग्रिलचे डिझाइन असो की आयटीआयच्या आरेखक विद्यार्थ्याचे सबमिशन. संगणकावर रेखाटन करायचे तर ‘कॅड’ सॉफ्टवेअर लागते. व्यावसायिक कॅडचा परवाना परवडत नाही, म्हणून अनेक जण लिबरकॅड, फ्रीकॅड किंवा क्यूकॅडकडे वळतात. पहिल्याच दिवशी अडथळे येतात. विंडोज इशारा देते, सॉफ्टवेअर उघडून लगेच बंद होते, टाइप केलेली आज्ञा त्याला कळत नाही, दहा फुटांची भिंत भलतीकडेच जाते. मग ‘फुकटचे ते असेच’ म्हणून ते काढून टाकले जाते. प्रत्यक्षात यातले बहुतेक अडथळे ठरावीक आहेत आणि घरच्या घरी सुटतात. खरा धोका दुसरीकडे आहे. काही चुका झाल्यावर सॉफ्टवेअर तक्रारच करत नाही. चुकीचा आकडा मुकाट्याने स्वीकारला जातो आणि पत्रा कापून झाल्यावरच चूक लक्षात येते.

मोफत कॅड म्हणजे नेमके कोणते?

ऑटोकॅड १९८२ मध्ये आले. आज्ञा टाइप करून रेषा, वर्तुळे काढण्याची पद्धत त्याने रुळवली. मोफत पर्यायांपैकी क्यूकॅडचे काम १९९९ मध्ये सुरू झाले. त्याच्या मुक्त आवृत्तीतून पुढे लिबरकॅड वेगळे झाले. सुरुवातीला त्याचे नाव ‘कॅडुंटू’ होते. ही दोन्ही सॉफ्टवेअर द्विमितीय रेखाटनासाठी आहेत, म्हणजे कागदावर काढतो तसे सपाट नकाशे. फ्रीकॅड त्रिमितीय आहे. त्यात यंत्राचा सुटा भाग किंवा फर्निचर मापांसह घडवता येते आणि एक माप बदलले की त्यावर अवलंबून असलेला आकार बदलतो. दोन दशकांहून अधिक काळ विकसित होत राहिलेल्या फ्रीकॅडची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली.

घराचा साधा नकाशा किंवा लेझर कटिंगसाठी सपाट आकृती हवी असेल तर लिबरकॅड पुरेसे आहे. त्यासाठी फ्रीकॅड घेतल्यास जुन्या संगणकावर विनाकारण ताण पडतो. ही सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स असलेल्या संगणकांसाठी आहेत. मोबाइलवर याच नावाने काही दिसले तर ते मूळ सॉफ्टवेअर आहे असे समजू नये.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतला फरकही लक्षात घ्यावा. ड्राफ्टसाइटची मोफत आवृत्ती अनेक जण वापरत होते, पण कंपनीने २०१९ च्या अखेरीस ती बंद केली. लिबरकॅड आणि फ्रीकॅडची संगणकीय संहिता खुली आहे. त्यांचे काम एका कंपनीच्या निर्णयावर थांबत नाही. क्यूकॅडच्या बाबतीत मात्र एक गोम आहे. त्याच्या नेहमीच्या डाउनलोडमध्ये सशुल्क आवृत्तीची चाचणी जोडलेली असते आणि ती १५ मिनिटांनी बंद होते. हा बिघाड नव्हे. तो चाचणीचा भाग काढून टाकला की मोफत आवृत्ती उरते आणि ती अशी बंद पडत नाही.

विंडोज ‘धोका’ का दाखवते?

डाउनलोड केलेली फाइल उघडताच निळ्या रंगाची पट्टी येते आणि विंडोजने संगणकाचे संरक्षण केले, असा संदेश दिसतो. याला ‘स्मार्टस्क्रीन’ म्हणतात. एखाद्या फाइलवर मान्यताप्राप्त डिजिटल स्वाक्षरी नसेल किंवा ती आवृत्ती फारशा लोकांनी अजून डाउनलोड केली नसेल, तर विंडोजला ती अनोळखी वाटते. स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राला पैसे पडतात. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पांना ते नेहमीच परवडते असे नाही. त्यामुळे इशारा आला म्हणजे व्हायरस आहेच असे नाही. पण नाहीच, असेही नाही.

म्हणून फाइल कुठून आली हे आधी पाहावे. शोधयंत्रात सॉफ्टवेअरचे नाव टाकले की वरच्या दोन-तीन जागा बहुतेकदा जाहिरातींच्या असतात. तिथून मिळणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये भलतीच सॉफ्टवेअर घुसवलेली असू शकतात. लिबरकॅड डॉट ऑर्ग, फ्रीकॅड डॉट ऑर्ग आणि क्यूकॅड डॉट ऑर्ग हे अधिकृत पत्ते आहेत. फाइल गिटहबवरून येत असली तरी तिथे या अधिकृत पानावरील दुव्यावरूनच जावे. लिबरकॅड किंवा फ्रीकॅडसाठी कुणी ‘ॲक्टिव्हेशन की’ किंवा कार्डाचा क्रमांक मागत असेल, तर ती फसवणूक आहे. या दोन्हींना किल्ली लागतच नाही.

अनेकदा डाउनलोडच्या पानावर ‘शा-२५६’ नावाची ६४ अंक-अक्षरांची ओळ दिलेली असते. ती फाइलच्या बोटांच्या ठशासारखी असते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा फाइलच्या नावासह दिली की आपल्याकडच्या फाइलचा ठसा मिळतो. दोन्ही जुळले तर फाइल जशीच्या तशी आली आहे. त्यानंतरच ‘मोअर इन्फो’ आणि मग ‘रन एनीवे’ दाबावे. ठसा जुळला नाही तर बहुधा डाउनलोड अर्धवट झालेले असते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मोठी फाइल घेताना असे होऊ शकते. ती फाइल काढून पुन्हा डाउनलोड करावी.

इन्स्टॉल झाले, पण उघडतच नाही. असे का?

इथे तीन कारणे मुख्य आहेत. पहिले, ३२ आणि ६४ बिटचा घोळ. फ्रीकॅडच्या नव्या आवृत्त्या फक्त ६४ बिट विंडोजवर चालतात. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि मग ‘अबाउट’ उघडल्यास आपली विंडोज कोणती ते कळते. जुन्या संगणकावर ३२ बिट विंडोज असेल, तर कितीही वेळा इन्स्टॉल केले तरी उपयोग नाही.

दुसरे कारण म्हणजे ‘डीएलएल’ फाइल सापडत नाही, असा संदेश. त्यात ‘व्हीसीरनटाइम १४०’ किंवा ‘एमएसव्हीसीपी १४०’ अशी नावे असतात. संदेश वाचून लोक ते नाव शोधयंत्रात टाकतात आणि कुठल्या तरी संकेतस्थळावरून ती एकच फाइल आणून चिकटवतात. हे धोक्याचे आहे. ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ या संचाचा भाग असते. तो संच मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतो. तो पूर्ण इन्स्टॉल करून संगणक रीस्टार्ट केला की तक्रार सहसा मिटते.

तिसरे कारण ग्राफिक्सचे. फ्रीकॅड त्रिमितीय चित्र दाखवण्यासाठी ‘ओपनजीएल’ या यंत्रणेवर विसंबून असते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असेल तर चित्राची जागा काळी किंवा कोरी दिसते, किंवा नवी फाइल उघडताच सॉफ्टवेअर बंद पडते. विंडोजने आपोआप घातलेल्या ड्रायव्हरऐवजी लॅपटॉपच्या किंवा ग्राफिक्स चिपच्या कंपनीचा ताजा ड्रायव्हर घालून पाहावा. तेही शक्य नसेल तर फ्रीकॅडच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘डिस्प्ले’ विभागात सॉफ्टवेअर ओपनजीएल वापरण्याचा पर्याय आहे. त्याने वेग कमी होतो, पण काम चालते.

आधी चालत असलेले फ्रीकॅड अचानक बिघडले तर लगेच काढून पुन्हा घालू नये. काढले तरी जुन्या सेटिंग्ज वेगळ्या फोल्डरमध्ये उरतात आणि बिघाड तसाच परत येतो. आवृत्ती १.० पासून ‘हेल्प’ मेन्यूत ‘सेफ मोड’मध्ये पुन्हा सुरू करण्याची सोय आहे. त्यात ते नीट चालले, तर दोष आपल्या सेटिंग्जमध्ये किंवा नंतर घातलेल्या एखाद्या ॲड-ऑनमध्ये आहे.

लिनक्स आणि मॅकवर काय अडते?

लिनक्सवर फ्रीकॅड ‘ॲपइमेज’ या एकाच फाइलच्या रूपात मिळते. डबल क्लिक करूनही काही होत नाही, कारण त्या फाइलला चालण्याची परवानगी नसते. राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ती ‘एक्झिक्युटेबल’ करावी. उबुंटू २२.०४ पासून ‘लिबफ्यूज-२’ हा घटक आधीपासून घातलेला नसतो. काही ॲपइमेज त्याच्यावाचून सुरू होत नाहीत, तेव्हा तो वेगळा घालावा लागतो. ‘स्नॅप’ किंवा ‘फ्लॅटपॅक’ पद्धतीने घातलेले सॉफ्टवेअर सुरक्षेसाठी कुंपणात ठेवलेले असते. त्यामुळे पेनड्राइव्हवरची फाइल त्याला दिसत नसेल, तर परवानगी द्यावी किंवा फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करावी.

मॅकवर ‘डेव्हलपरची ओळख पटत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. फाइल अधिकृत ठिकाणची असल्याची खात्री करून ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘ओपन एनीवे’ हा पर्याय निवडावा. इंटेल चिपच्या आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकसाठी फ्रीकॅडच्या फाइली वेगळ्या आहेत, हेही डाउनलोड करतानाच पाहावे.

आज्ञा बरोबर टाइप केली, तरी ‘अननोन कमांड’ का?

लिबरकॅडमध्ये रेषेसाठी इंग्रजी ‘एल-आय’ ही दोन अक्षरे टाइप करून एन्टर दाबले की रेषेची आज्ञा सुरू होते. मराठीत टायपिंग करणाऱ्यांची पहिली ठेच इथेच लागते. थोड्या वेळापूर्वी मराठीत अर्ज टाइप केलेला असतो आणि कीबोर्ड मराठीतच राहतो. इन्स्क्रिप्ट मांडणीत त्याच दोन कळा दाबल्या तर ‘तग’ उमटते. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांच्या पडद्यावर ‘लि’ येते. लिबरकॅडला यातले काहीच कळत नाही.

विंडोजमध्ये ‘विंडोज’ कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात चालू भाषा दिसते; कॅड उघडताना तिकडे नजर टाकण्याची सवय लावावी. कीबोर्डच्या प्रगत सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपसाठी वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय आहे. तो सुरू केला की वर्ड मराठीत आणि कॅड इंग्रजीत असे दोन्ही एकाच वेळी चालते.

लिबरकॅड पहिल्यांदा उघडताना तीन गोष्टी विचारते : मापाचे एकक, पडद्यावरील भाषा आणि आज्ञांची भाषा. घाईत लोक ‘ओके’ करून पुढे जातात. आज्ञांची भाषा इंग्रजीच ठेवावी, म्हणजे शिकवणीतल्या किंवा व्हिडिओतल्या आज्ञा जशाच्या तशा चालतात.

टाइप केलेले कुठेच उमटत नसेल तर कर्सर आज्ञेच्या चौकटीत नसतो. त्या चौकटीत एकदा क्लिक करावे. चौकटच दिसत नसेल तर ती ‘विजेट्स’ मेन्यूतून पुन्हा आणता येते. उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी अंक उमटत नसतील तर ‘नम लॉक’ बंद आहे का, ते पाहावे. @ हे चिन्ह दाबल्यावर दुहेरी अवतरणचिन्ह येत असेल, तर कीबोर्डची मांडणी ब्रिटिश इंग्रजीवर गेली आहे. तिथे @ एन्टरजवळच्या कळीवर असते. मांडणी ‘इंग्रजी-भारत’ किंवा ‘इंग्रजी-अमेरिका’ केली की ते पुन्हा शिफ्ट आणि २ वर येते.

एका स्वल्पविरामाने काय बिघडते?

आपल्याकडे तीन हजार अठ्ठेचाळीस हा आकडा ३,०४८ असा लिहितात. पावती किंवा एक्सेलमध्ये ते चालते, लिबरकॅडच्या आज्ञेत नाही. तिथे स्वल्पविराम दोन आकडे वेगळे करतो. पहिला आडवे अंतर, दुसरा उभे अंतर. त्यामुळे ‘३,०४८’ टाइप केले तर आडवे ३ आणि उभे ४८ असा बिंदू समजला जातो. सॉफ्टवेअर कुठलीही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. मोठ्या आकड्यांत हजाराचा किंवा लाखाचा स्वल्पविराम कधीही देऊ नये. एक्सेलमधून आकडे चिकटवतानाही तो आधी काढून टाकावा.

याच्या उलट अडचण युरोपातल्या सेटिंगची. जर्मनीत अडीच हा आकडा २,५ असा लिहितात. दशांशाची जागा स्वल्पविराम घेतो. तिथे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर तसे प्रादेशिक सेटिंग असेल, तर फ्रीकॅड त्यानुसार आकडे दाखवते आणि आपण सवयीने टिंब देतो. फ्रीकॅडच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘जनरल’ विभागात ‘नंबर फॉरमॅट’ हा पर्याय आहे. तो ‘सी/पॉसिक्स’वर ठेवला की संगणकाचे सेटिंग काहीही असले तरी दशांशचिन्ह टिंबच राहते.

देवनागरी अंकांचेही तसेच. या मजकुरातले आकडे देवनागरीत छापले असले, तरी कॅडमध्ये ते इंग्रजी अंकांतच टाइप करायचे. मराठीच्या काही कीबोर्ड मांडण्यांत वरच्या ओळीतल्या कळांनी देवनागरी अंक उमटतात आणि आज्ञा नाकारली जाते.

दहा फुटांची भिंत तिरकी का गेली?

समजा भिंत १०००,१००० या बिंदूपासून उजवीकडे ३०४८ मिलिमीटर, म्हणजे दहा फूट न्यायची आहे. पहिला बिंदू दिला आणि पुढे ‘३०४८,०’ टाइप केले, की रेषा उजवीकडे न जाता तिरकी खाली जाते. तिची लांबी सुमारे २२७९ मिलिमीटर भरते. कारण ‘३०४८,०’ म्हणजे नकाशाच्या मूळ शून्यापासून मोजलेली जागा. ‘आत्ताच्या बिंदूपासून’ असे सांगायचे असेल तर आकड्यांच्या आधी @ लावावे लागते : ‘@३०४८,०’. कोनासह रेषा हवी असल्यास ‘@३०४८<९०’ असे लिहितात. इथे < या चिन्हानंतरचा आकडा अंशांत असतो. शून्य अंश उजवीकडे आणि कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजला जातो, त्यामुळे ९० म्हणजे सरळ वर.

@ लावूनही रेषा भलतीकडून सुरू होत असेल, तर लिबरकॅडमधला ‘रिलेटिव्ह झीरो’ तपासावा. अंतर कुठून मोजायचे, ते हा बिंदू ठरवतो. प्रत्येक बिंदू दिल्यावर तो आपोआप पुढे सरकतो. टूलबारवरचे त्याचे कुलूप चुकून दाबले गेले असेल तर तो जागचा हलत नाही आणि पुढचे प्रत्येक अंतर जुन्याच ठिकाणापासून मोजले जाते.

माउसचा कर्सर उड्या का मारतो?

रेषा हव्या त्या जागी न थांबता ठिपक्याठिपक्यावर उडी मारत असेल, तर ‘स्नॅप ऑन ग्रिड’ सुरू आहे. रेषा फक्त आडवी किंवा फक्त उभीच जात असेल तर ‘रिस्ट्रिक्ट’चे बटण दाबलेले आहे. ही दोन्ही बटणे उपयोगाची आहेत, पण ती सुरू आहेत हे माहीत असले पाहिजे. दोन रेषांची टोके जुळवताना मात्र डोळ्यांवर विसंबू नये, ‘स्नॅप ऑन एंडपॉइंट’ सुरू करावे. पडद्यावर जुळलेली दिसणारी टोके मोठी करून पाहिली तर त्यांत बारीक फट निघते. त्या फटीमुळे हॅच भरले जात नाही आणि लेझर कटिंगच्या सॉफ्टवेअरला आकृती बंद सापडत नाही.

एखादी रेषा निवडताच येत नसेल तर तिचा लेयर कुलूपबंद आहे का, ते पाहावे. लेयरच्या यादीतले कुलपाचे चिन्ह ते सांगते.

फ्रीकॅडमध्ये लॅपटॉपच्या टचपॅडवर काम करणाऱ्यांची वेगळी तक्रार असते : मॉडेल फिरतच नाही. सुरुवातीची पद्धत माउसच्या मधल्या बटणावर बेतलेली आहे आणि टचपॅडला ते बटण नसते. ‘नॅव्हिगेशन स्टाइल’ बदलून ‘टचपॅड’ किंवा ‘जेस्चर’ करावी. रोज काम करायचे असेल तर चाक असलेला साधा माउस घेणे अधिक सोयीचे.

फूट, इंच की मिलिमीटर? पैसा इथे वाया जातो

महाराष्ट्रात घराची मापे फुटांत बोलली जातात, वर्कशॉपमध्ये मिलिमीटर चालतात आणि पाइपचा व्यास इंचांत सांगितला जातो. कॅडला मात्र एका वेळी एकच भाषा कळते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. दहा बाय बारा फुटांची खोली ३०४८ बाय ३६५७.६ मिलिमीटर होते.

रेखाटनांच्या देवाणघेवाणीत ‘डीएक्सएफ’ फाइल वापरली जाते. तिच्यात मुख्यतः आकडे असतात. ते मिलिमीटर की इंच, ही नोंद वेगळी असते आणि कधी कधी ती नसतेच. ५० मिलिमीटरचे छिद्र समोरच्या संगणकाने ५० इंच समजून उघडले तर ते १२७० मिलिमीटरचे होते. एवढी मोठी चूक लगेच दिसते. उलट दिशेची चूक, किंवा एखादाच भाग वेगळ्या एककात चिकटवला गेला असेल तर ती, नजरेतून सुटते. आकृतीचा आकार बरोबर दिसतो, फक्त माप खोटे असते.

लिबरकॅडमध्ये एकक ‘ड्रॉइंग प्रेफरन्सेस’मध्ये बदलता येते. पण एकक बदलले म्हणून आधी काढलेल्या रेषा लहान-मोठ्या होत नाहीत. इंचांत काढलेले चित्र मिलिमीटरमध्ये न्यायचे असेल तर सगळे निवडून ‘स्केल’ आज्ञेने २५.४ पट करावे लागते. फ्रीकॅड याबाबत अधिक सोयीचे आहे. त्यात आकड्यापुढे एककाचे इंग्रजी संक्षिप्त रूप लिहिले तर रूपांतर ते स्वतः करते.

प्रिंट काढतानाही अशीच चूक होते. नकाशा एकास एक प्रमाणात बसवला, पीडीएफ केली आणि प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ तसेच राहिले, तर कागदावरचे प्रत्येक माप थोडे बदलते. तिथे ‘ॲक्च्युअल साइझ’ निवडावे.

मराठी अक्षरे आणि ‘डीडब्ल्यूजी’चे काय?

लिबरकॅड विंडोजमधले नेहमीचे फॉन्ट वापरत नाही. त्याचे स्वतःचे रेषांचे फॉन्ट असतात. त्यामुळे ‘स्वयंपाकघर’, ‘देवघर’ असे मराठीत लिहायला गेल्यास अक्षरे दिसत नाहीत किंवा काना-मात्रा, जोडाक्षरे विस्कटतात. इन्स्टॉलेशन पुन्हा केल्याने हे सुटत नाही. व्यवहारी मार्ग म्हणजे नकाशात खोल्यांना क्रमांक द्यावेत, पीडीएफ काढावी आणि मराठी सूची वेगळ्या पानावर किंवा इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जोडावी.

ऑटोकॅडची ‘डीडब्ल्यूजी’ फाइल लिबरकॅडमध्ये पूर्ण उघडेलच याची खात्री नसते आणि त्या स्वरूपात साठवता तर येतच नाही. फ्रीकॅडलाही त्यासाठी वेगळे रूपांतरक सॉफ्टवेअर जोडावे लागते. ‘ओडीए फाइल कन्व्हर्टर’ हे त्यापैकी एक. ते फुकट मिळते, पण मुक्त नाही. सर्वात सोपा उपाय म्हणजे फाइल पाठवणाऱ्यालाच ‘डीएक्सएफ’मध्ये साठवून द्यायला सांगणे.

बांधकाम परवानगीसाठी नकाशा द्यायचा असेल तर त्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या यंत्रणेला कोणते फाइल स्वरूप आणि कोणते लेयर लागतात, हे काम सुरू करण्याआधी विचारावे. ठरावीक स्वरूपाचीच फाइल स्वीकारली जात असेल तर मोफत कॅडमध्ये काढलेला नकाशा कच्च्या कामापुरताच उरतो, आणि हे शेवटच्या दिवशी कळणे महागात पडते.

तरीही अडले तर मदत कशी मागावी?

‘चालत नाही’ एवढेच सांगितल्याने कुणालाही मदत करता येत नाही. पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा लिहून घ्यावा किंवा त्याचा फोटो काढावा. संगणकाची विंडोज कोणती, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती आणि शेवटचे काय केले होते, या तीन गोष्टी सोबत द्याव्यात. फ्रीकॅडमध्ये ‘हेल्प’ मेन्यूतील ‘अबाउट’ खिडकीत ही तांत्रिक माहिती एका बटणाने कॉपी होते. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. ड्रायव्हर, आवृत्ती आणि सेटिंग एकदम बदलले तर दोष कशाचा होता, हे कळत नाही आणि तो पुन्हा आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पायापासून शिकायचे असल्यास आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत देतो.

काम बाहेर देण्यापूर्वी काय तपासावे?

फाइल कटिंगवाल्याकडे, सुताराकडे किंवा परीक्षकाकडे जाण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, ज्याचे खरे माप माहीत आहे अशी एक बाजू सॉफ्टवेअरच्याच अंतर मोजण्याच्या आज्ञेने मोजावी. दुसरी, चित्राच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरची रेषा काढून तिच्यावर तसे लिहावे. कागदावर ती पट्टीने मोजता येते आणि समोरच्या संगणकावरही एकक बरोबर उघडले की नाही, हे लगेच कळते. तिसरी, फाइल बंद करून पुन्हा उघडावी. शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर. साठवताना काही गळले असेल तर ते तेव्हाच दिसते.

या तिन्हींना मिळून पाच-दहा मिनिटे लागतात. ऑटोकॅडमध्ये काढलेल्या चित्रालाही त्या तितक्याच लागू आहेत. सॉफ्टवेअर उघडत नाही तोवर फक्त वेळ जातो. चुकीच्या मापाची फाइल एकदा मशीनवर चढली, की पत्र्याचे आणि मजुरीचे पैसे ती पाठवणाऱ्यालाच भरावे लागतात.